मुलांना त्रिमितीय आकारांचे गुणधर्म कसे शिकवावेत?

घनाच्या नेहमीच्या छापील चित्रात 3 पृष्ठे, 9 कडा आणि 7 शिरोबिंदू दिसतात. प्रत्यक्ष घनाला मात्र 6 पृष्ठे, 12 कडा आणि 8 शिरोबिंदू असतात. तिसरी-चौथीतील मूल चित्र पाहून मोजते तेव्हा त्याचे उत्तर बहुधा यामुळेच चुकते. त्यामुळे व्याख्या आणि आकृत्या काही दिवस बाजूला ठेवून आधी वस्तू मुलाच्या हाती द्यावी.

1. वस्तू जमवून वर्गवारी करावी. टूथपेस्टचा खोका, पावडरचा डबा, चेंडू, जाड कागदाचा तळासह केलेला शंकू आणि एखादा घनाकार खोका एवढे साहित्य पुरे. लुडोच्या फाशाचे कोपरे गोलसर घासलेले असतात, त्यामुळे तो मोजणीसाठी घेऊ नये. प्रत्येक वस्तू फरशीवर ढकलून पाहण्यास सांगावे. चेंडू कोणत्याही दिशेने गडगडतो, आडवा डबा सरळ जातो, शंकू आपल्या टोकाभोवती गोल फिरतो आणि खोका नुसता सरकतो. सपाट पृष्ठ आणि वक्र पृष्ठ यांतील भेद मुलाला येथेच कळतो. इष्टिकाचिती (खोका), वृत्तचिती (डबा), शंकू, गोल (चेंडू) ही नावे त्यानंतर सांगावीत.

2. खुणा करून मोजावे. खोक्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर टिकली चिकटवावी, प्रत्येक कडेवरून स्केचपेन फिरवावे आणि पृष्ठांना क्रमांक द्यावेत. मुले सर्वांत जास्त गोंधळतात ती कडा मोजताना, कारण खोका हातात फिरला की तीच कड पुन्हा मोजली जाते. वरच्या 4, खालच्या 4 आणि उभ्या 4 असा क्रम लावून दिल्यास हा घोळ राहत नाही.

3. सांगाडा उभारावा. कणकेच्या 8 लहान गोळ्या आणि सारख्या लांबीच्या 12 काड्या (खराट्याचे हीरही चालतात) जोडून घन करून घ्यावा. तो एका बाजूला कलतो, तर 4 गोळ्या आणि 6 काड्यांची त्रिकोणी सूची (त्रिकोणी तळाचा, वर टोक असलेला आकार) घट्ट उभी राहते. असे का होते, याचे उत्तर लगेच देऊ नये. इष्टिकाचितीसाठी तीन वेगवेगळ्या लांबीच्या प्रत्येकी 4 काड्या घेतल्या की समोरासमोरच्या कडा समान असतात हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

4. खोका उलगडून घडणी, म्हणजे उलगडल्यावर मिळणारा सपाट आकार, पाहावी. या पायरीला घाई करू नये. घनाकार खोक्याच्या चिकटवण्यापुरत्या जादा पट्ट्या काढून टाकाव्यात आणि बाकीचा भाग एकसंध राहील अशा बेताने कडांवर कात्री चालवावी. कोणत्याही क्रमाने कापले तरी खोका सपाट पसरण्यासाठी नेमक्या 7 कडा कापाव्या लागतात, कारण 6 पृष्ठे एकत्र धरून ठेवायला 5 कडा शिल्लक राहाव्या लागतात. मग चौकटीच्या वहीत सहा चौरसांच्या निरनिराळ्या जोडण्या काढून, कापून, दुमडून पाहू द्याव्यात. घनाच्या वेगवेगळ्या घडणी 11 आहेत. मुलाला त्यांतील पाच-सहा सापडल्या तरी पुष्कळ झाले. डब्याभोवती बरोबर एक वेढा बसेल असा कागद गुंडाळून उलगडला की आयत मिळतो, आणि त्याची एक बाजू म्हणजे तळाच्या वर्तुळाचा परीघ असतो. चेंडूला मात्र अशी घडणी नसते, आणि पृथ्वीचा सपाट नकाशा कुठे ना कुठे ताणलेला असतो तोही याच कारणाने.

5. सारणी करून संबंध शोधावा. सहावी-सातवीच्या मुलांकडून घन, त्रिकोणी चिती, म्हणजे दोन्ही टोकांना सारखे त्रिकोण असलेला आकार (5 पृष्ठे, 9 कडा, 6 शिरोबिंदू) आणि चौकोनी सूची (5, 8, 5) यांच्या संख्या लिहून घ्याव्यात. पृष्ठे आणि शिरोबिंदू यांची बेरीज कडांपेक्षा नेहमी 2 ने जास्त येते. स्विस गणिती लिओनार्द ऑयलर यांनी 1750 साली गणिती गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात हा संबंध मांडला होता. सूत्र सांगण्याआधी मुलांनाच ते शोधू द्यावे आणि मग वृत्तचितीवर तपासण्यास सांगावे: 3 पृष्ठे, 2 कडा, शिरोबिंदू शून्य. येथे ते जुळत नाही, कारण हा संबंध सपाट पृष्ठांच्या, आरपार भोक नसलेल्या आकारांसाठी आहे.