मचाणावरून धनुष्याने शिकार: सकाळ वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांची धनुष्याने शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पूर्वार्धात, हरणांच्या मीलनकाळात, ऐन भरात येतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला थारा उरलेला नसल्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला या छंदाचे धडे घरात मिळालेले नसतात. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचे प्रशिक्षण सहसा घ्यावेच लागते. तरीही सकाळ हातची जाते, आणि माझ्या मते ती बहुधा बाण सुटण्याच्या कितीतरी आधी, अंधारातच गेलेली असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वर पोहोचल्यावर हार्नेस, म्हणजे पडताना अंगाला धरून ठेवणारा पट्ट्यांचा साज, अडकवणे. माणसे पडतात ती मुख्यतः चढताना, उतरताना आणि शिडीवरून मचाणावर पाऊल टाकताना. म्हणून जमिनीपासून आसनाच्या वरपर्यंत सुरक्षा दोर बांधावा आणि पाय जमिनीवर असतानाच हार्नेस त्याला जोडून, सरकगाठ वर ढकलत चढावे. बसल्यावर दोराला जेमतेम ढील असावी. धनुष्य पाठीला लावून चढू नये. ते नंतर दोरीने वर ओढून घ्यावे. मचाण झाडाला बांधणारे, वर्षभर तिथेच राहिलेले पट्टे उन्हाने कुजतात, खारीही ते कुरतडतात, तेव्हा ते हंगामापूर्वीच बदललेले बरे.

वारा अनुकूल असूनही हरणे फुत्कारून पळत असतील, तर दोष बहुधा उताराचा असतो. राज्याच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ भागात पहाटेची थंड हवा घळीत उतरते आणि ऊन तापू लागले की तीच हवा उलटून चढणीला लागते. त्यामुळे सहा वाजता निर्धोक वाटणारे मचाण नऊ वाजता आपला वास नेमका हरणांच्या निवाऱ्याकडे पाठवू लागते. चिमूटभर पावडर हवेत सोडून ही उलटापालट पाहता येते, आणि ती दिसली की हट्टाने बसून राहण्यात अर्थ नसतो. रात्रभर मका-सोयाबीनच्या शेतात चरणारी हरणे पहाटे अजून तिथेच असतात, त्यामुळे जवळची वाट म्हणून शेतातून चालत जाणे म्हणजे त्यांना स्वतःहून वर्दी देणे होय. जाड जाकीट घालून चालल्यास घाम येतो आणि मग वर बसल्यावर थंडी भरते. ते पाठपिशवीतून न्यावे.

नेम वर जात असल्यास सारा दोष अंतरावर ढकलू नये. वीस फूट उंचीवरून, वीस यार्डांवरच्या हरणापर्यंतचे तिरपे अंतर एकवीस यार्डांच्या आसपास भरते, म्हणजे फरक जेमतेम यार्डभराचा. खरी गडबड होते ती धनुष्याचा हात नुसता खाली झुकवल्याने. आधी सरळ उभे राहून दोरी पूर्ण ओढावी आणि मग कमरेतून वाकावे. हा सराव त्याच जाकिटात आणि हार्नेसमध्ये करावा, कारण दोरी बाहीला घासली की बाण भरकटतो. हरणाचे डोके झाडाआड गेल्यावरच दोरी ओढावी, आणि ते अगदी बुंध्याशी आले असेल तर थांबावे, कारण इतक्या उभ्या कोनातून दोन्ही फुफ्फुसे क्वचितच भेदली जातात.

बाण लागल्यावर लगेच खाली उतरण्याची घाई तर सर्रास होते. आधी बाण पाहावा. त्यावर फेसाळ, गुलाबीसर रक्त असेल तर फुफ्फुसे भेदली आहेत, आणि अर्धा तास थांबणे पुरेसे ठरते. गडद लाल रक्त यकृताकडे बोट दाखवते, तेव्हा तीन-चार तास द्यावेत. हिरवट घाण आणि उग्र दर्प असेल तर बाण पोटात गेला आहे असे समजून आवाज न करता निघून जावे आणि आठ-दहा तासांनी, शक्यतो सोबती घेऊन परतावे. माग काढताना रक्ताच्या प्रत्येक थेंबाजवळ कागदाची खूण ठेवत जावे, म्हणजे माग तुटला तरी मागच्या खुणांच्या रेषेवरून हरणाची दिशा धरता येते.