अमृत उद्यानातला वसंत आणि आपल्या गॅलरीतला

दिल्लीच्या राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान दरवर्षी साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मार्चअखेरपर्यंत सगळ्यांसाठी खुलं असतं. ते पाहून आलेले बरेच जण घरी पोहोचताच ट्यूलिपचे कंद शोधू लागतात. तो नाद सोडलेला बरा. त्याच बागेत महाराष्ट्रातल्या कुंडीत हमखास येणारी डझनभर फुलं असतात आणि त्यांच्यासमोर मात्र कोणी थांबत नाही. तेव्हा जाताना वही-पेन ठेवायचं, वाफ्यांपाशी दिसतील ती नावं टिपायची आणि बी टाकायचं ते ऑक्टोबरात.

जायचं कधी, बघायचं काय

प्रवेश विनामूल्य आहे. सोमवारी बाग बंद असते, शिवाय एखाददुसरा दिवस विशेष गटांसाठी राखीव ठेवतात. वेळा आणि सुट्ट्या दरवर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे रेल्वेचं तिकीट काढण्याआधी राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर तारीख पाहून नोंदणी करावी. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. आत जायचं ते गेट क्रमांक ३५ मधून, नॉर्थ अव्हेन्यू रस्ता राष्ट्रपती भवनाला भिडतो तिथून. मेट्रोचं जवळचं स्थानक केंद्रीय सचिवालय. मोबाइल, पर्स, पाण्याची बाटली चालते. मोठी सॅक, डबे वगैरे हॉटेलवरच ठेवा.

ट्यूलिप पाहायचेच असतील तर फेब्रुवारीचे मधले दोन आठवडे गाठा. ऊन तापलं की त्यांच्या पाकळ्या पसरतात आणि पेल्याचा आकार जातो, म्हणून सकाळचा पहिला गट घ्यावा. हंगामी फुलांचा भर फेब्रुवारीच्या उत्तरार्धात असतो. मार्चच्या मध्यानंतर दिल्लीचं ऊन त्यांना कोमेजवायला लागतं.

बागेचा आराखडा वास्तुविशारद एडविन लुटियन्स यांचा आणि लागवड उद्यानतज्ज्ञ विल्यम मस्टो यांची, १९२८-२९ च्या सुमारास झालेली. क्षेत्र १५ एकर. २०२३ पर्यंत तिचं नाव मुघल गार्डन होतं, आणि मांडणीही त्याच परंपरेतली आहे: उत्तर-दक्षिण दोन आणि पूर्व-पश्चिम दोन पाट, ते एकमेकांना छेदतात तिथे कमळाच्या आकाराची कारंजी. छत्रीसारखी गोल छाटलेली झाडं दिसतील, त्यांतली मौलसरी म्हणजे आपली बकुळ. कोकणात अंगणभर पसरणाऱ्या झाडाचं हे शिस्तीतलं रूप पाहून जरा गंमत वाटते.

पुढे भिंतींच्या आडोशाची लांबट बाग आहे, तिथे गुलाबाचे चौकोनी वाफे. शेवटी गोल बाग. घरच्या बागेसाठी सगळ्यात जास्त शिकण्यासारखं या गोल बागेत आहे. मधोमध तळं आणि भोवती पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे फुलांचे थर. प्रत्येक थराची उंची नीट बघा. पुढे वीतभर उंचीची फुलं, मागे गुडघ्याएवढी, त्यामागे कमरेएवढी. गॅलरीत हेच करायचं: कठड्याशी अ‍ॅलिसम आणि पॅन्सी, मध्ये पिटुनिया आणि डायंथस, मागे विटांवर उंच ठेवलेल्या कुंड्यांत साल्व्हिया, लार्क्सपर. सगळ्या कुंड्या एका रेषेत मांडल्या की फुलं असूनही गॅलरी रोपवाटिकेसारखी दिसते.

घरचं वेळापत्रक

दिल्लीत जे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात ते आपल्याकडे १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या महिन्यात पेरावं. ऑक्टोबर हीटमध्ये घाई केली तर रोपं उंच, लुकडी होतात. डिसेंबरवर ढकललं तर फुलं यायला फेब्रुवारी संपतो आणि लगेच उन्हाळा गाठतो. पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूर इथे जवळजवळ सगळी हंगामी फुलं येतात. मुंबई आणि कोकणपट्टीत रात्री पुरेशा गार होत नाहीत, तिथे पॅन्सी आणि स्वीट पीवर पैसे घालवू नयेत. पिटुनिया, साल्व्हिया, झेंडू, कॉसमॉस भरपूर लावावेत.

पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं. चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून ते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं भरलेल्या ट्रेवर भुरभुरवा. वर माती टाकू नका, या बियांना उगवायला उजेड लागतो. झारीने पाणी घातलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं, म्हणून ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यावी. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. रोपं मानेपाशी बारीक होऊन आडवी पडू लागली तर ती बुरशी आहे. कारण बहुतेक वेळा एकच, ओल जास्त आणि वारा कमी. ट्रेवर झाकण असेल तर काढा, पाणी एक दिवस थांबवा, पडलेली रोपं मातीसकट काढून टाका.

चार ते सहा पानं आली की आठ इंची कुंडीत एक रोप. मिश्रण असं: दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळून मुळं तोडते. रोप चार इंच झालं की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण न खुडलेल्या रोपाला एक लांब दांडी आणि टोकाला तीन फुलं एवढंच मिळतं. पाच-सहा तास ऊन हवंच. दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सम प्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत दिलं तर मुळं भाजतात. नॅस्टर्शियमला मात्र खत देऊच नका, पानांचं रान माजतं आणि फूल येत नाही.

वाळलेली फुलं देठासकट काढत राहा. बी धरलं की रोपाला आपलं काम झालं असं वाटतं आणि ते फुलणं थांबवतं. मार्चमध्ये पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि खालून जाळी दिसली तर लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आली आहे. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरीही रोप सावरलं नाही तर सरळ उपटा, त्याचा हंगाम तसाही संपलेला असतो.

ट्यूलिपचं काय? कंदाला फूल धरायला तीन ते चार महिने सलग थंडी लागते. ती फ्रिजमध्ये देता येते, पण फ्रिजमध्ये सफरचंदं-केळी असतील तर त्यांच्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. सगळं जमलं तरी पुण्याच्या उन्हात फूल चार-पाच दिवस टिकतं आणि कंद दुसऱ्या वर्षी सहसा फुलत नाही. त्यापेक्षा फुलदाणीसाठी कापलेलीच घ्यावीत.

फुलदाणी

बाजारातून निशिगंध घेताना तळातल्या दोन-तीन कळ्या उमललेल्या, ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांना फक्त रंग आलेला, अशा दांड्या निवडा. घरी आणल्यावर धारदार सुरीने देठाचा इंचभर भाग तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा. कात्रीने देठ चेपतो आणि पाणी ओढत नाही. लिटरभर पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे चार-पाच थेंब. साखर फुलाला, ब्लीच जंतूंना. नुसती साखर घातली तर दुसऱ्या दिवशी पाणी बुळबुळीत होतं. जरबेराला मात्र दोन-तीन इंचच पाणी ठेवा, त्याचा लवदार देठ जास्त पाण्यात कुजतो. दर दोन दिवसांनी पाणी बदला, देठ पुन्हा थोडा कापा, आणि फुलदाणी फळांच्या टोपलीपासून लांब ठेवा.

पाडव्यापासून पुढे

हंगामी फुलं ओसरली की खरा मराठी वसंत मोगऱ्याचा. त्याची तयारी दिल्लीला निघण्याआधीच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला करावी. आठ-दहा दिवस पाणी तोडा, फांद्या एक तृतीयांश छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा. मग वरची दोन इंच माती उकरून दोन मुठी शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. भरपूर ऊन मिळालं तर पाच-सहा आठवड्यांत कळ्या दिसतात. सावलीतला मोगरा नुसती हिरवीगार पानं काढतो. त्याला खत वाढवू नका, कुंडी उन्हात सरकवा.