विदर्भातल्या खेड्यात समाजकार्याचं संशोधन करताय? या चुका टाळा

एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) लघुशोधप्रबंध असो की पीएचडीचा सिनॉप्सिस, त्यात 'अभ्यास क्षेत्राची ओळख' हे प्रकरण ठरलेलं असतं. जिल्ह्याचं क्षेत्रफळ, पर्जन्यमान, २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या, तालुक्यांची यादी. एवढं लिहिलं की सामाजिक संदर्भाचं काम उरकलं असं समजून पोरं प्रश्नावलीकडे वळतात. घोळ इथूनच सुरू होतो. तुम्ही कोणाच्या गाडीतून गावात उतरलात, कोणत्या महिन्यात गेलात, कोणाच्या छपरीत बसलात, यावर उत्तरं ठरतात. नंतर तक्ते कितीही नेटके काढले तरी ती उत्तरं बदलत नाहीत.

पात्र कुटुंबांची यादी म्हणजेच नमुना

दरवर्षी कोणी ना कोणी 'शेतकरी आत्महत्या : कारणे व उपाय' हा विषय घेऊन येतं. तहसीलमधून यादी मिळवायची, त्यातली सरकारी मदतीला पात्र ठरलेली कुटुंबं निवडायची, मुलाखती घ्यायच्या आणि निष्कर्ष काढायचा की बहुतेक आत्महत्यांमागे नापिकी आणि कर्जबाजारीपणा आहे. हा निष्कर्ष काढायला गावात जायची गरजच नव्हती. २००५-०६ च्या शासन निर्णयांनुसार १ लाखाची मदत मिळण्यासाठी प्रकरण पात्र ठरतं तेच मुळी नापिकी, बँक-सोसायटी किंवा मान्यताप्राप्त सावकाराचं न फिटलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा हे निकष लावून. म्हणजे जे चाळणीत घातलं तेच खाली पडलं, आणि आपण त्याला शोध म्हणतो.

चाळणीवर काय राहिलं ते बघा. मक्त्याने, म्हणजे दुसऱ्याचं भाड्याने घेऊन वावर करणारा कास्तकार, ज्याच्या नावावर सातबारा नाही. घरची शेती राबणारी बाई, कारण जमीन सासऱ्याच्या नावावर. कृषी केंद्राची उधारी आणि गावातल्या विनापरवाना सावकाराचे पैसे असलेला माणूस, ज्याच्या कर्जाचा कुठे कागदच नाही. ही माणसं अपात्रच्या यादीत सापडतील किंवा कुठल्याच यादीत नसतील. म्हणून पात्र आणि अपात्र दोन्ही याद्यांतून नमुना घ्या आणि यादीबाहेरच्यांसाठी आशाताईला, कोतवालाला विचारा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वापरणार असाल तर २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर असे वेगळे गट केले आहेत हे ध्यानात ठेवा. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे सरळ एका रेघेत मांडून 'घट झाली' असं लिहू नका.

आता प्रत्यक्ष मुलाखत. तुम्ही बाजेवर बसता, दीर समोर बसतो, सासू उंबऱ्यात. जिच्याशी बोलायचं ती आत चहा ठेवते. दीर खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढतो आणि सातबारा, सोसायटीचा दाखला, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट एकेक करून मांडत जातो. हे कुटुंब तलाठ्याला, पोलिसांना, पत्रकारांना हे सगळं सांगून बसलेलं असतं आणि फाइलला लागतं त्या क्रमानेच ते सांगतं. कागद बघून घ्या, नाही बघितले तर अपमान वाटतो. पण प्रश्न तिथून सुरू करू नका. आत्ता वावर कोण करतं, पोरं कितवीत आहेत, या हंगामात बियाणं कुठून आणलं, असं विचारा. दुसऱ्या भेटीत ती बाई एकटी भेटेल अशी वेळ तिलाच विचारून घ्या. ती बोलता बोलता खचली तर प्रश्नावली पूर्ण करण्याचा हट्ट नको. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता लिहूनच घरातून निघा.

'सगळी उत्तरं सारखीच येतात'

ही तक्रार बचत गटांवर काम करणाऱ्यांची. सर्व उत्तरदात्या 'पूर्णतः सहमत', सगळ्यांचं सक्षमीकरण झालेलं, गृहीतक सिद्ध. खूश होण्याआधी तपासा की त्या बायांपर्यंत तुम्हाला नेलं कोणी. संस्थेच्या जीपमधून समन्वयक ताईंसोबत उतरलात तर तुम्ही संस्थेचेच. "नाव लिवून घ्या ना मॅडम" असं कोणी म्हटलं की समजावं, तुमच्याकडे घरकुलाची किंवा कर्जाची यादी आहे असा समज झालाय, आणि यादीवाल्या माणसाला कोणी वाईट सांगत नाही.

उपाय साधा आहे, पाय मात्र दुखतात. दुसऱ्या वेळी एसटीने जा. चालू गटांसोबत मोडलेले गट घ्या आणि गट सोडून गेलेल्या बायांना शोधा. हप्ता थकला म्हणून कोणी बाहेर पडली, कोणाला घेतलंच नाही, कोणत्या जातीच्या बाया एकाच गटात आहेत आणि कोणाचा गट वेगळा, हे तिथेच कळतं. 'निर्णयक्षमता वाढली का?' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा, गटातून उचललेलं शेवटचं कर्ज कशावर खर्च झालं, ते कोणी ठरवलं आणि हप्ता कोणाच्या मजुरीतून गेला. पाच पर्यायांचा सहमत-असहमत तक्ता खेड्यात फार उपयोगी नाही, तरी गाइडला तो हवाच असतो. तर शेवटी ठेवा.

वेळ आणि भाषा

कॉलेजचं वेळापत्रक आणि गावाचं वेळापत्रक जुळत नाही. दिवाळीच्या आसपास बाया सोयाबीनची कापणी आणि कापसाच्या वेचणीत असतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे तुमचा एक तास हा तिचा तेवढा कापूस. भेटी संध्याकाळच्या ठेवा किंवा वावरात जाऊन सोबत वेचत बोला. गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये मोह आणि पुढे तेंदूपत्ता, तेव्हा अर्धं गाव जंगलात. बंजारा तांड्यांतून दिवाळीनंतर कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं 'घर बंद' म्हणून नमुन्यातून वगळली, तर स्थलांतर करणारेच अभ्यासातून गेले. आणि विदर्भ म्हणजे कापूस असं धरून भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात कापसाच्या भावाचे प्रश्न विचारू नका. हसण्यासारखं आहे, पण तयार प्रश्नावली उचलली की होतं.

कोलाम पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) कोलामी, भामरागडकडे माडिया, तांड्यावर गोरमाटी बोलतात. दुभाषी म्हणून शिक्षक किंवा वनरक्षक घेतला तर काम सोपं होतं, पण वनरक्षकासमोर वनहक्क दाव्याबद्दल कोण मोकळं बोलेल? पोडावरचीच शिकलेली मुलगी शोधा, तिला रोजाने पैसे द्या आणि प्रबंधात तिचा वाटा नोंदवा.

गुप्ततेचं आश्वासन देताना

संमतीपत्रावर 'आपली माहिती पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल' असं सरसकट छापू नका. बालविवाह किंवा किशोरींवर काम करत असाल तर पोक्सो कायदा, २०१२ चं कलम १९ वाचा. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक गुन्हा झाल्याची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, संशोधकही त्यात आला. मुलगी विवाहित असली तरी सूट नाही. तेव्हा काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे मुलाखतीआधी सांगा. एथिक्स समितीपुढे आणि गाइडशी हे आधीच बोलून ठेवा, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक जवळ असू द्या. या विषयावर ग्रामसेवकाला सोबत घेऊन घरोघर फिरू नका. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो, त्याला बघून मुलीचं वय आपोआप वाढतं.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असंही नाही. तालुका, पोडावरची घरं, 'दोन मुलींची विधवा, शाळेत पोषण आहार शिजवते' एवढं लिहिलं की सगळा तालुका ओळखतो. तपशील मोडून लिहा, गरज नसेल तिथे गाळा.

तक्त्यांचं थोडक्यात. बारा बायांच्या मुलाखती घेऊन '८.३३ टक्के' लिहू नका, ती एक बाई आहे, तसंच लिहा. दोन गोष्टींचा संबंध तपासणाऱ्या काय-वर्ग चाचणीत अपेक्षित संख्या पाचाखाली जाणारे रकाने बरेच असतील तर एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उत्तर देईल, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. रकाने एकत्र करा किंवा फिशरची चाचणी वापरा. वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे आहे. मराठी प्रबंधांत हे साम्य बहुधा 'अभ्यास क्षेत्राची ओळख' आणि 'समाजकार्याच्या पद्धती' याच प्रकरणांत असतं, कारण ती वर्षानुवर्षं एकमेकांची उतरवलेली असतात. जिल्ह्याचं पर्जन्यमान दोन ओळींत आटपा आणि ती पानं तुम्ही ज्या छपरीत बसलात तिथे कोण होतं, कोण बोललं, कोण बोललं नाही, यासाठी वापरा.