शाळा सुरू होण्याआधी मुलाच्या मनाची तयारी कशी करावी

शाळेच्या दारात मूल रडलं की तयारी कमी पडली, असं घरच्यांना वाटतं. पण ३-४ वर्षांचं मूल आईबाबांचा हात सोडताना रडणारच. पाहायचं ते पुढचं. घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाने जवळ घेतल्यावर ते हळूहळू शांत होतं का? काही हवं असलं तर त्या माणसाकडे मागतं का? एवढं जमायला लागलं की बाकीचं शाळेत होत जातं. अक्षरं, आकडे, रंगांची नावं यांची घाई नाही.

सराव शाळेच्या ६ ते ८ आठवडे आधी सुरू करावा, आणि तो मुख्यतः सोडून जाण्याचा. ओळखीच्या माणसाजवळ मुलाला ठेवून आधी १५ मिनिटं खरोखर बाहेर जा. शेजारच्या खोलीत लपून बसणं याला सराव म्हणत नाहीत. ३-४ वेळा नीट पार पडलं की अर्धा तास, मग एक तास, असं शाळेच्या वेळेच्या जवळपास पोचा. एखाद्या टप्प्यावर फार रडारड झाली तर एकच पायरी मागे या. सराव बंद करू नका.

जाताना सांगूनच जायचं. मूल खेळात रमलंय तेवढ्यात सटकणं सोपं वाटतं, पण त्यातून ते एकच शिकतं: आपलं लक्ष हटलं की आई नाहीशी होते. मग ते खेळणंच सोडतं आणि दारावर नजर ठेवून बसतं. परत कधी येणार हेही त्याला कळेल असं सांगा. ‘दोन तासांनी’ याला या वयात काही अर्थ नसतो. ‘गोष्ट ऐकून झाली, खेळणी आवरून झाली की मी येते’ हे समजतं. आणि सांगितल्या वेळी या. इथे उशीर झाला की आधीचा सराव बराचसा वाया जातो.

आता एक बारीक वाटणारी, पण सगळ्यात जास्त घोटाळा करणारी गोष्ट: शू. घरात त्यासाठी खास शब्द असतो किंवा नुसती खूण असते आणि ती बाईंना कळत नाही. मूल सांगू शकत नाही म्हणून रोखून धरतं, पाणी प्यायचं टाळतं, शेवटी चड्डी ओली होते. दुसऱ्या दिवशी ‘शाळेत नाही जायचं’ सुरू होतं आणि घरचे बाईंवर संशय घेतात. म्हणून ‘मला शू लागलीय’ हे पूर्ण वाक्य घराबाहेरच्या दोन-तीन जणांना स्वतः सांगायचा सराव करून घ्या. बटणं, पट्टे नकोत. इलास्टिकची चड्डी त्याला स्वतःला खाली-वर करता आली पाहिजे.

आपली पाळी येईपर्यंत थांबणं वाळूच्या घड्याळावर शिकवता येतं: आधी १ मिनिट, मग २, मग ५. भावनांचे शब्द मात्र शिकवणी घेऊन येत नाहीत. त्या त्या क्षणी द्यावे लागतात. मनोरा कोसळून ठोकळे भिरकावले गेले की तेव्हाच म्हणायचं, ‘राग आला ना, मनोरा पडला म्हणून?’ राग, भीती, कंटाळा आणि आठवण, एवढे चार पुरेत. त्यातला ‘आठवण येतेय’ शाळेत सगळ्यात उपयोगी पडतो.

घरी शाळा-शाळा खेळताना मुलाला बाई होऊ द्या, तुम्ही विद्यार्थी व्हा. बाई झालेलं मूल सारखं ओरडत असेल, तर कुणीतरी शाळेची धमकी देऊन ठेवलीय हे ओळखा. ‘शाळेत घातल्यावर बाई सरळ करतील’ हे वाक्य घरातून हद्दपार करावं. ‘तिथे मज्जाच मज्जा’ हेही नको, कारण पहिल्याच दिवशी ते खोटं ठरतं.

प्रत्यक्ष दारात निरोप एक-दोन मिनिटांचा आणि रोज एकसारखा असावा: मिठी, ठरलेलं वाक्य, मुलाचा हात बाईंच्या हातात, आणि चालू लागायचं. खिडकीतून डोकावलात तर शांत होत आलेलं मूल पुन्हा पहिल्यापासून रडतं. ‘मी इथेच बाहेर बसलेय’ असं खोटं सांगू नका. बाईंची हरकत नसेल तर आवडती छोटी वस्तू, घरच्या कापडाचा तुकडासुद्धा, दप्तरात ठेवा. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालमनोविश्लेषकांनी १९५३ साली अशा वस्तूंवर लिहिलं, तेव्हापासून बालमानसशास्त्रात त्यांना मान आहे. घरात मात्र अजून ‘सोड ते फडकं’च ऐकू येतं.

पहिला आठवडा छान गेला म्हणून निश्चिंत होऊ नका. काही मुलं दुसऱ्या आठवड्यात रडू लागतात. नवलाई संपते आणि हे रोजचंच आहे हे लक्षात येतं. दिवसभर शहाण्यासारखं वागलेलं मूल घरी येताच चप्पल काढण्यावरून थयथयाट करतं, तेही होतं. तिथे आवरून धरलेलं इथे सुटतं. आल्या आल्या ‘आज काय शिकलास?’ विचारू नका. खायला द्या, अर्धा तास शांत जाऊ द्या. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून १० ते १३ तास झोप लागते, तेव्हा रात्रीची वेळ आधीच ठरवून टाका. अंगठा चोखणं, अंथरूण ओलं करणं काही दिवस परत येऊ शकतं. त्यावर रागावू नये.

४ आठवडे उलटूनही रडणं तसंच असेल, किंवा पहिला महिना संपल्यावरही मूल घरी बोलतं आणि शाळेत अवाक्षर काढत नाही असं असेल, तर बाईंशी बोलून बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसतज्ज्ञांना दाखवा. सकाळी पोट दुखतं अशी तक्रार असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवड्यांची नोंद ठेवा: कोणत्या वारी दुखलं, किती वेळ, आणि सुट्टीच्या दिवशी दुखलं का.