पार्लरचा कोर्स शिकवताय? मग या चुका टाळा

आमच्या वर्गाला दरवर्षी वीसेक मुली असतात. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतल्या काही, बाकीच्या गुजराती. घरात कुठलीही भाषा असो, पैशांचा हिशेब सगळ्या गुजरातीतच करतात. सहा महिन्यांत हात बसतो, दोरा सफाईने फिरायला लागतो. तरी दोन वर्षांनी बघावं तर बऱ्याच जणींची खुर्ची माळ्यावर गेलेली. मी पुष्कळ दिवस मुलींच्या चिकाटीला नावं ठेवली. खरं तर चुका शिकवणाऱ्यांच्या होत्या, त्यात माझ्याही होत्या.

फेशियल फळ्यावर मांडून न बघणे

पहिली चूक भावाची. "तुझा फेशियलचा भाव किती?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "समोरची साडेतीनशे घेते." समोरचीने तो तिच्या समोरचीकडे बघून ठरवलेला असतो.

आता मी एक फेशियल फळ्यावर मांडते. किट सहाशे रुपयांचं. खोक्यावर लिहिलंय सहा वेळा पुरेल, मुलींच्या सढळ हाताने चारदाच पुरतं. म्हणजे एका वेळचे दीडशे. कापूस, बँड, चादर, टॉवेलची धुलाई धरून पन्नास. साडेतीनशेतले उरले दीडशे. खुर्चीची तयारी आणि नंतरची आवराआवर धरून वेळ गेला दीड तास. जागेचं भाडं नऊ हजार, महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाचे आठ तास. दीड तासाचे झाले पासष्ट. हातात उरले पंच्याऐंशी रुपये.

मग आयब्रो. घेतले पन्नास, दोऱ्याचा खर्च रुपयाच्या आत, वेळ आठ मिनिटं, भाडं सहा रुपये. उरले त्रेचाळीस. "आयब्रो काय, कुणीही करतं" म्हणून नाक मुरडणाऱ्या मुली इथे गप्प होतात. अर्थात आठ-आठ मिनिटांनी रांग लावून बायका येत नाहीत, रिकामी खुर्चीही भाडं खातेच. म्हणून महिनाभर चोपडीत तीनच गोष्टी लिहायला लावते: कोण आलं, किती वाजता, किती मिनिटं बसलं. महिन्याअखेर कळतं की दुपारी एक ते चार दुकान कुणासाठी उघडं ठेवलं होतं ते.

फक्त नवरात्र बघून माल भरणे

बडोद्यात नवरात्राच्या नऊ रात्री म्हणजे पार्लरवाल्यांची सुगी. बॅकलेस चोळीमुळे पाठीचं वॅक्स, पॉलिश, वर टॅटू. रात्री मैदानावर जाण्याआधी दारात चपलांचा ढीग. एका मुलीने पहिल्याच नवरात्रात हे पाहिलं आणि दिवाळीनंतर कर्ज काढून वर्षाचा माल भरला. तुळशीच्या लग्नानंतर थोडे दिवस बरे गेले. मग डिसेंबरच्या मध्याला कमुरतां लागलं. संक्रांतीपर्यंत गुजराती घरांत लग्न नाही, लग्न नाही तर मेकअप नाही. बाई महिनाभर माशा मारत बसली आणि हप्ता मात्र दर पाच तारखेला हजर.

तेव्हापासून व्यवसायाच्या तासाला मी पंचांग घेऊन जाते. पितृपक्ष, चातुर्मास, कमुरतां लाल पेनाने. गणपती, नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू हिरव्याने. माल हिरव्याच्या पंधरा दिवस आधी, तोही किटच्या मुदतीची तारीख बघून.

सीझनची आणखी एक अडचण. गरब्याला जायच्या संध्याकाळीच वॅक्स केलं की घाम आणि सिंथेटिक चोळीखाली पाठभर पुरळ उठतं, आणि दोष पार्लरला. वॅक्स दोन दिवस आधीच करायचं. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर तेवढे पैसे सोडलेले परवडतात.

"काही होत नाही हो" म्हणून पॅच टेस्ट टाळणे

बडोद्याच्या कलाभवनात १८९० पासून कापडाच्या रंगाईचं शास्त्र शिकवलं गेलं. त्याच गावात आज केसांचा रंग डबी न वाचता फासला जातो, याची मला मौज वाटते आणि भीतीही. डायमधल्या पॅराफिनिलीनडायअमीनची, म्हणजे पीपीडीची, काहींना जबरदस्त अॅलर्जी असते. मागच्या दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्यांदा होणार नाही असं नसतं. "काळी मेंदी" म्हणून जी मिळते तिच्यातही बहुधा हेच. खऱ्या मेंदीचा रंग आधी केशरी चढतो आणि मग गडद होतो. तासाभरात कुळकुळीत काळी झाली तर ती मेंदी नव्हे.

टेस्ट शिकवतात सगळेच: कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा रंग, मग ४८ तास वाट. पण एका रंगासाठी कोण दोनदा येतं? म्हणून मुली ती सोडून देतात. उपाय सोपा आहे. बाई आयब्रोला आली की तेव्हाच विचारायचं, "पुढच्या वेळी केस रंगवायचेत का?" हो म्हणाली की तिथेच ठिपका लावायचा आणि चोपडीत तारीख लिहायची. खाज आली तर ती घरूनच फोन करते.

चेहऱ्यावरची क्रीम न विचारणे

गोरं करणाऱ्या क्रीमच्या नावाखाली स्टेरॉइडच्या ट्यूब सर्रास लावल्या जातात. चेहरा लाल, कातडी पातळ, उन्हात आग, हनुवटीवर लव. अशा चेहऱ्यावर ब्लीच केलं तर भाजल्यासारखं होतं. विद्यार्थिनींना मी ट्यूब आणायला सांगते आणि मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल हे शब्द शोधायला लावते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधावर डाव्या कडेला लाल रेघ असते, तीही दाखवते. मात्र "आजपासून बंद कर" असं सांगायला मुलींना सक्त मनाई. एकदम सोडलं की चेहरा आणखी पेटतो. सयाजी हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात पाठवायचं आणि त्या दिवशी नुसतं आयब्रो करायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी फुकट असते, एजंटला पाचशे देऊ नका. मुद्रा कर्जयोजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं. पहिल्या खुर्चीला ते पुष्कळ झालं. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. पुढे लागली तरी २२ सप्टेंबर २०२५ पासून या सेवांवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, फक्त मालावर भरलेला कर वजा मिळत नाही.

वस्तीला न विचारता शिबिर घेणे

कोर्समध्ये शेवटी "समाजासाठी आरोग्य शिबिर" असतं. आमचं पहिलं ८ मार्चला, सकाळी अकराला, मोफत क्लीनअप. बॅनर झकास. आल्या आठ बायका, त्यातल्या पाच आमच्याच मुलींच्या मावश्या-काकू. बाकीच्या त्या वेळेला लोकांच्या घरी भांडी घासत होत्या. वर आमच्या एकीने न विचारता फोटो काढून स्टेटसला टाकला. तिथल्या एका मावशींनी तो मुलाच्या फोनवर पाहिला. "पैसे नाही घेतले म्हणून तोंड विकत घेतलं का?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी मुलींना बॅनर करू दिला नाही. आधी आठवडाभर वस्तीत जाऊन नुसतं विचारून या म्हटलं. क्लीनअप कुणालाच नको होतं. साबणाने चिरलेले हात, टाचांच्या भेगा, पोरींच्या डोक्यातल्या उवा आणि "केस फार गळतात". वेळ दुपारी तीन ते पाच.

केस गळण्यावर मुलींनी लगेच तेलाचं नाव काढलं. मी थांबवलं. गुजरातमध्ये १५ ते ४९ वयाच्या सुमारे ६५ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या फेरीत, दिसलं होतं. केस गळण्यामागे ते एक कारण असू शकतं, आणि ते तपासणं पार्लरवालीचं काम नाही. म्हणून आशाबेनला, म्हणजे वस्तीतल्या आशा आरोग्य कार्यकर्तीला, बोलावलं. तिने हिमोग्लोबिन तपासायची सोय केली. आमच्या मुलींनी ओल्या केसांत बारीक फणी फिरवायला दाखवलं आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं दोन आठवडे करायला सांगितलं, कारण लिखा फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात. पार्लरचं कार्ड वाटायचं नाही, ही माझी अट.

शिबिराच्या योजनेचा कागद एकच पान ठेवला: काय, कुणासाठी, किती वाजता, पुढे कुठे पाठवायचं. शेवटचा रकाना "पंधरा दिवसांनी कोण जाणार". पहिल्या वर्षी तो नव्हताच. या वेळी त्यात वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीचं नाव पडलं. ती जाऊन आली आणि वही माझ्यासमोर धरली. अकरा जणींना रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या होत्या, चार घेत नव्हत्या. दोघींच्या नावापुढे "मळमळते, रिकाम्या पोटी घेते", एकीपुढे "सासू फेकते". चौथीपुढे नुसतंच प्रश्नचिन्ह. "हिला परत भेटून येते, मॅडम," म्हणाली, "ती दुपारी नसते, रात्री आठनंतर असते."