तुमचा पर्यावरणवाला ग्रुप सरकारला खरंच घाम फोडतोय का, कसं तपासायचं

जुलै लागला की कोल्हापुरात कुणालाही झोपेतनं उठवून विचारा, पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट किती इंच, पटकन सांगणार. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. पण आपला ग्रुप सरकारकडं नेमकं काय मागतोय आणि कधीपर्यंत मागतोय हे विचारलं की सगळे एकमेकाच्या तोंडाकडं बघत्यात. मी पण त्यातलाच. चार वर्षं एका ग्रुपात होतो, ५ जूनला रोपं वाटली, घाटावरचं प्लास्टिक गोळा केलं, निवेदन हातात धरून फोटो काढले आणि एक दिवस लक्षात आलं की एवढ्या वर्षात आमच्यामुळं कुठल्या साहेबाचा चहासुद्धा गार झालेला नाही. म्हणून हे लिहितोय, ग्रुपात जायच्या आधी किंवा असलेल्या ग्रुपात नीट भांडायच्या आधी काय काय बघायचं.

आधी मागच्या दोन-तीन निवेदनांची झेरॉक्स मागून घ्या. फेसबुकवरचा फोटो नको, कागद पाहिजे. प्रत्येक मागणीखाली पेन्सिलनं लिहायचं, हे कुठल्या टेबलावरच्या माणसानं करायचंय, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर आपल्याला कळणार कसं. "शासनाने हवामान बदलाकडे गांभीर्याने पाहावे" ह्यात तिन्हीतलं एकपण नाही, असली मागणी कुठलाही मंत्री हसत हसत मान्य करतोय, त्याचं काय जातंय. त्याच्याऐवजी "पंचगंगेच्या निळ्या रेषेच्या आत गेल्या ५ वर्षांत दिलेल्या बांधकाम परवानग्यांची यादी महापालिकेनं ३१ मार्चपर्यंत जाहीर करावी" असं लिहिलं की टेबल ठरलं, तारीख ठरली, १ एप्रिलला सकाळी कळतंय झालं का नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराच्या पाण्याची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतल्या. आणि आपल्याकडं २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, दोनच वर्षांनी २०२१ ला परत गेलं, हायवे बंद, चिखली-आंबेवाडी ही गावं पाण्यात. मग त्या २५ आणि १०० वर्षांच्या हिशोबाचं आता काय करायचं हा प्रश्न तुमच्या ग्रुपानं लेखी विचारलाय का? आमच्यानं नव्हता. आम्ही कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतोय असं बोलत बसलो, कारण कर्नाटकला शिव्या घातल्या की इथं कुणाला राग येत नाही. २०१९ च्या पुराची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीनं तर अलमट्टीला दोषच दिला नव्हता, पूररेषेतली बांधकामं आणि अतिक्रमणं हा मुद्दा आपल्या घरातला होता. ग्रुप फक्त लांबच्या सरकारवर ओरडतोय आणि जवळच्याला साहेब-साहेब करतोय का, हे जरूर बघा.

तारखेचं पण तसंच. २०२१ ला ग्लासगोत पंतप्रधानांनी २०७० पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून शिल्लक शून्य करायचं, सांगितलं. चांगलं आहे, पण २०७० ला हिशोब मागायला मी नसणार आणि सांगणारे पण नसणार. ग्रुप २०७० चं पोस्टर लावत असेल तर विचारायचं, बाबांनो ह्या वर्षीच्या बजेटमधलं काय?

आता लोक म्हणतात आमचा ग्रुप लई आक्रमक आहे, रस्त्यावर उतरतो. उतरा की. पण आवाज मोठा असला म्हणजे दाब पडला असं नसतंय. लंडनमध्ये एक्स्टिंक्शन रिबेलियन ह्या हवामान आंदोलनवाल्यांनी एप्रिल २०१९ मध्ये रस्ते अडवले, पूल अडवले, १ मे ला ब्रिटिश संसदेनं हवामान आणीबाणीचा ठराव केला. एवढ्या लवकर का केला, तर ठरावानं सरकारवर बंधन काहीच येत नव्हतं. त्यांची मागणी होती २०२५ पर्यंत नेट झिरो, जूनमध्ये कायद्यात आलं २०५०. गर्दी फुकट गेली असं मी म्हणत नाही, गर्दी नसती तर तेवढं पण झालं नसतं. पण त्याच काळात नेदरलँड्समध्ये उर्जेंडा नावाच्या संस्थेनं एकच आकडा धरला, १९९० च्या मानानं २०२० च्या शेवटापर्यंत किमान २५ टक्के उत्सर्जन कमी करा, कोर्टात गेले, २०१५ ला जिंकले, सरकार अपिलात गेलं तरी डिसेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टातनं परत जिंकले. आकडा, तारीख आणि नाही म्हणायला जागा नाही.

आणि हे आपल्याला परदेशातनं शिकायची गरजच नव्हती, कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाची आठवण काढा. मागणी दोन शब्दांची, टोल रद्द. एन. डी. पाटील सरांसारखा म्हातारा माणूस पुढं, मागं सगळं गाव, आणि टोल जाईपर्यंत वर्षानुवर्षं तेच दोन शब्द. पर्यावरणाच्या ग्रुपांना (आमच्यासकट) हा हट्ट जमत नाही, दर महिन्याला नवा विषय, रंकाळा तलाव, मग प्लास्टिक, मग चिमण्या.

कॅलेंडर पण मागा. ५ जून सोडून ग्रुप कधी जागा असतोय? महापालिकेचं बजेट फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतंय, पर्यावरण सद्यस्थिती अहवाल दरवर्षी ३१ जुलैच्या आत सभागृहापुढं ठेवायचा कायदा आहे, तो आमच्यातल्या एकानंही वाचला नव्हता. पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह एरियाचा (पर्यावरणदृष्ट्या नाजूक भागाचा) केंद्राचा पहिला मसुदा २०१४ ला आला, सहावा ३१ जुलै २०२४ ला, म्हणजे दहा वर्षं नुसते मसुदेच. राधानगरी, शाहूवाडीपर्यंतचा विषय, दर वेळी हरकती-सूचनांना ६० दिवस. तुमच्या ग्रुपानं पाठवली होती का हरकत? कॉपी दाखवा म्हणायचं.

पैशाचं जरा अवघड जातंय विचारायला पण विचारा. बॅनरवर ज्या कारखान्याचं नाव आहे त्याच्या सांडपाण्यावर ग्रुप बोलणार का? गप्प बसणाऱ्यांची दुसरी बाजू पण ध्यानात ठेवा, २०२० मध्ये पर्यावरण परवानग्यांच्या मसुद्यावर ईमेल पाठवायला लावले म्हणून फ्रायडेज फॉर फ्युचर ह्या हवामान चळवळीच्या भारतातल्या पोरांची वेबसाइट बंद झाली, दिल्ली पोलिसांची यूएपीए ह्या दहशतवादविरोधी कायद्याची नोटीस आली, नंतर चुकून गेली म्हणून मागं घेतली. असल्या भीतीनं कोण नरम पडला असेल तर त्याला भित्रा म्हणू नका, त्याच्याबरोबर सही करा.

शेवटची तपासणी, निवेदनाची पोच. पोच म्हणजे शिक्का आणि आवक नंबर, हार घातलेला फोटो नव्हे. पोच असेल तर महिनाभर थांबून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, "आवक क्रमांक अमुकवर काय कार्यवाही झाली, फाईलवरच्या शेऱ्यांची प्रत द्यावी" एवढंच, भाषण नको. उत्तराला ३० दिवस. आम्ही पहिला टाकला तेव्हा उत्तर आलं, "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." ग्रुपातले निम्मे तिथंच गार झाले. तुमचे होऊ देऊ नका, पहिल्या अपिलाला पण ३० दिवसच असतात आणि २० रुपयांचं तिकीट लागतंय, ते अर्ज टाकायच्या दिवशीच आणून ठेवा.