डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाचा टोन कसा तपासावा

टोन म्हणजे स्नायू सैल सोडलेले असतानाही त्यांत असणारा ताण. "टोन किती कमी आहे?" असं आईवडील विचारतात, तेव्हा त्यांना एक आकडा हवा असतो. तो देणारं सर्वमान्य मोजमाप नाही. अ‍ॅशवर्थ स्केल ताठर स्नायूंसाठी आहे, इथे ते वापरू नका. मी बाळांची फिजिओथेरपिस्ट आहे. काय दिसलं ते शब्दांत लिहिते, आणि दर वेळी तपासणी त्याच क्रमाने करते.

बाळ जागं आणि शांत हवं, भुकेलं नको. रडताना टोन वाढतो, झोपेत उतरतो. डोकं मधोमध ठेवा; एकीकडे वळलं तर दोन्ही हातांचा टोन वेगवेगळा लागतो.

आधी हात न लावता बघा. पाठीवर निजलेल्या बाळाच्या मांड्या बेडकासारख्या पसरून गादीला टेकल्यात का? हात नुसते बाजूला पडून आहेत, की ते तोंडाकडे नेतंय? पाय उचलतंय का? मला सगळ्यात जास्त इथेच कळतं, म्हणून घाई करू नका.

मग काखेत हात घालून उभं उचला, पण छाती आवळू नका. "हातातून निसटतं" असं आई म्हणते ते इथे जाणवतं. पोटाखाली तळहात देऊन पालथं धरलं की डोकं आणि पाय दोन्हीकडे लोंबतात का, तेही पाहा. एक हात छातीवरून विरुद्ध खांद्याकडे न्या; कोपर मध्यरेषा सहज ओलांडतं का ते लिहा.

हात धरून बसवताना मात्र फार जपा. या मुलांत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. हिसका नको, डोकं मागेच राहिलं तर थांबा. मान दुखणं, ती वाकडी धरणं, चाल बिघडणं, आलेला लघवीचा ताबा जाणं, यातलं काही असेल तर मानेला हात न लावता लगेच डॉक्टरांकडे पाठवा.

गुडघा किंवा कोपर उलट्या बाजूला वळत असेल, तर ती लिगामेंटची, म्हणजे सांध्याची हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांची, सैलता. ती वेगळी लिहा. ताकद म्हणजे मूल स्वतः काय उचलतं, ढकलतं ते. टोन, ही सैलता आणि ताकद या तिन्हींची गल्लत झाली की व्यायामही चुकीचे ठरतात, आणि त्याचा त्रास मुलाला होतो.

अंग आधीपेक्षा जास्त सैल लागलं, तर थायरॉइडची तपासणी सुचवा. प्रगती मोजायला जीएमएफएम-८८ ही हालचालींची चाचणी वापरा: त्यात लोळण्यापासून उडी मारण्यापर्यंतच्या ८८ हालचालींना ० ते ३ गुण असतात. आईवडिलांना हवा असलेला आकडा त्यातून देता येतो, फक्त तो टोनचा नाही, मूल काय करू शकतं त्याचा आहे, हे त्यांना नीट सांगा.